कोहक्याच्या अंगणात तागेला

भय्याजी नंदेश्वरांनी रविवारी सकाळी रेती तिसऱ्यांदा चाळायला घेतली तेव्हा चंपाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "अवो, पोट्टा पोरीले मागणी घालाले येऊन राहिला, का आपल्या घरावर स्लॅब टाकाले?"

भय्याजींनी मान वर केली नाही. पोलादाच्या प्लांटमधल्या फाउंड्रीत, जिथे रेतीच्या साच्यांत लोखंड ओततात, छत्तीस वर्षं त्यांनी रेतीच तपासली होती. कुठली रेती साच्याला चालेल आणि कुठली नाही, हे ते चिमूटभर बोटांवर चोळून सांगत, आणि मशीन मागाहून तेच सांगत असे. निवृत्त झाल्यापासून सहा वर्षांत मात्र त्यांना रेतीबद्दल कोणी चकार शब्द विचारला नव्हता. कोहक्यातल्या त्या गल्लीत लोक एकमेकांना पाण्याची टाकी, पोरांचे पगार आणि आपापले गुडघे यांबद्दल विचारत. रेतीचा विषय निघायचाच नाही.

तो गेल्या मंगळवारी निघाला. लेकीने, आम्रपालीने, जेवताना सांगितलं की रविवारी अत्ताहेर येतोय. अत्ताहेर म्हणजे ती नोकरी करते त्याच रसमडा गावच्या कारखान्यातला इंजिनिअर. मूळचा आफ्रिकेतल्या नायजर देशातला, तिथल्या वाळवंटात राहणाऱ्या तुआरेग लोकांपैकी. सात वर्षांपूर्वी जुनवानीच्या एका कॉलेजात शिकायला आला, शिकला, आणि शेतीपंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात चिकटला. दोघांना लग्न करायचं होतं, नोंदणी पद्धतीने, आपापला धर्म आपापल्याजवळ ठेवून. भय्याजींना हे दोन महिन्यांपासून माहीत होतं, आणि दोन महिने ते 'पाहू' या एका शब्दावर ठिय्या देऊन बसले होते.

"आणि बाबा," आम्रपाली म्हणाली, "त्यांच्याकडे पोळी रेतीत भाजतात. तागेला म्हणतात. रविवारी तो इथे करणार आहे."

भय्याजींचा घास हातातच राहिला. "रेतीत? कोणत्या रेतीत?"

"कोणत्या म्हणजे? वाळवंटातली रेती, बाबा."

"इथं कुठून आणन तो?"

"आमच्या कारखान्यातून आणते ना मी. साच्याची रेती ढिगाने पडली आहे."

पाहुण्याला रॉकेलची कढी वाढू का असं विचारल्यासारखं भय्याजींनी लेकीकडे पाहिलं. साच्याच्या रेतीत राळ असते, औषधं असतात. त्यात लोखंड ओतायचं असतं, भाकर भाजायची नसते. दुसऱ्या दिवशी ते स्वतः शिवनाथ नदीच्या काठावर गेले आणि रेतीच्या दोन गोण्या घेऊन आले. मग ती रेती दोनदा धुतली गेली. गच्चीवर चंपाबाईंचे तांदळाचे पापड वाळत होते, ते खाटेवर हलवले गेले आणि त्यांच्या जागी दोन दिवस रेती वाळली. चंपाबाईंचं म्हणणं होतं की एवढी माया त्यांनी पापडांवर कधी पाहिली नव्हती.

पण या सगळ्या उत्साहाखाली एक नियम दबा धरून बसला होता, आणि घरातल्या तिघांनाही तो ठाऊक होता.

तीन वर्षांपूर्वी रायपूरचा एक मुलगा असाच आला होता, आम्रपालीच्या कॉलेजातला. अर्ध्या तासात त्याने चार वेळा सांगितलं की आपण जातपात मानत नाही. त्या अर्ध्या तासात त्याच्यासमोरचे पोहे गार झाले, चहावर साय धरली, आणि तहान लागली तेव्हा त्याने पिशवीतून स्वतःची बाटली काढली. तो गेल्यावर भय्याजींनी तो गार चहा स्वतः पिऊन टाकला, साईसकट. मग कप खाली ठेवून म्हणाले, "या घरात माझ्या डोळ्यासमोर जो जेवन, त्यालेच पोरगी. बाकी तो चंद्रावर नोकरीले असो." आम्रपालीनेही ते मान्य केलं होतं. त्या मुलाला दुसऱ्या दिवशी नाही म्हणून तिनेच कळवलं.

भय्याजींना न खाणाऱ्या लोकांचा दांडगा अनुभव होता. फाउंड्रीत त्यांच्या टेबलावर चौघे डबा खायला बसत. भय्याजींनी डबा पुढे सरकवला की सोमवारी एकाचा शंकर निघे, मंगळवारी दुसऱ्याचा मारुती, गुरुवारी तिसऱ्याचे दत्तगुरू, आणि मोकळ्या वारी कोणाचं तरी पोट बिघडलेलं असे. एवढं धार्मिक आणि एवढं आजारी टेबल अख्ख्या प्लांटात दुसरं नव्हतं. तोंडावर नाही कोणीच म्हणालं नाही. भय्याजींची तक्रार तीच होती.

आणि गल्लीत समोरच्या घरी श्रीधरराव होते. रायपूरच्या जुन्या मराठी घरातले, विमा कचेरीतून निवृत्त झालेले. अकरा वर्षांचा शेजार. रोज सकाळी पेपर वाचायला येत आणि तासभर बसत. चंपाबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी मध्यरात्री उठून त्यांनी रक्त दिलं होतं. पण अकरा वर्षांत या घरचा चहा त्यांनी घेतला नव्हता. "आत्ताच घेऊन आलो," हे वाक्य ते चपला काढता काढताच म्हणून टाकत. त्यांचं रक्त या घरात चाललं, या घरचा चहा त्यांना चालत नव्हता. दोघांनीही हा विषय कधी काढला नाही, म्हणून मैत्री टिकली होती.

अत्ताहेर साडेदहाला आला. कारखान्यात तो जीन्स घालत असे. आज अंगात घोट्यापर्यंतचा निळा झगा होता, आणि डोक्याभोवती गुंडाळलेलं भलं लांब कापड नाकावरून खाली येऊन हनुवटीशी खोचलेलं होतं. दिसत होते फक्त डोळे. गल्लीतली कुत्री त्याच्यावर आळीपाळीने भुंकली.

"जय भीम, अंकल," कापडातून आवाज आला.

"जय भीम, जय भीम. बस." भय्याजी चंपाबाईंकडे वळून हळूच म्हणाले, "याच्या तोंडाले काय झालं?"

"त्याहीच्यात मान असते तसा," चंपाबाई म्हणाल्या. "पोरीनं सांगतलं मले. मोठ्या माणसासमोर झाकाव लागते."

"बरं हाय. आपल्याकडे मोठा माणूस दिसला की पोट्टे तोंडच उघडतेत."

अत्ताहेर खुर्चीच्या कडेवर बसला. नजर जमिनीवर. आम्रपालीने पाण्याचा पेला दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, थोडा वेळ धरला आणि तसाच खाली ठेवला.

भय्याजींनी ते पाहिलं. पेल्यातलं पाणी किती होतं आणि किती राहिलं, हेही पाहिलं. चंपाबाईंनी नवऱ्याचं पाहणं पाहिलं आणि पुटपुटल्या, "तहान नसन त्याले. हिवाळा हाय."

"असन," भय्याजी म्हणाले. पण पेल्यावरची नजर हलली नाही.

अंगणात गेल्यावर पोराचं सगळं रूप पालटलं. त्याने रेतीत मूठ घातली, बोटांमधून सोडली, पुन्हा भरली. मग अर्धवट वळून, भय्याजींच्या चपलांकडे बघत म्हणाला, "अंकल, ये रेत कौन बनाया?"

त्याची हिंदी हॉस्टेलची होती. शब्द बिनचूक, पण कोण बाई आणि कोण बुवा याचा त्यात पत्ता नसे.

"मैं बनाया," भय्याजी त्याच हिंदीत उतरले. "दो बार धोया. तीन बार छाना."

"बहुत अच्छा रेत. मेरा माँ देखेगा तो रोएगा."

फाउंड्रीच्या छत्तीस वर्षांत भय्याजींना असं प्रशस्तिपत्र मिळालं नव्हतं. ते उगाच चाळणी झटकू लागले.

बाभळीची लाकडं पेटवली. ती खाली बसेपर्यंत अत्ताहेरने कणीक मळली, फक्त गव्हाचं पीठ, पाणी आणि मीठ. परातीएवढी जाड पोळी थापली. मग निखारे बाजूला ओढले, तापलेली रेती काठीने सारखी केली, पोळी थेट तिच्यावर टाकली, वरून गरम रेती लोटली आणि तिच्यावर निखारे. चंपाबाईंनी डोळे मिटले. गव्हाचं पीठ असं मातीत घालताना त्यांना बघवेना.

"हे तं आपले रोडगेच झाले," भय्याजी म्हणाले. "आपण गोवऱ्यात घालतो, हे रेतीत. गोंदियाकडे आमच्या मामाच्या वावरात..." आणि ते मामाच्या वावरातल्या रोडग्यांपर्यंत गेले, वांग्याच्या भाजीपर्यंत गेले, आणि परत आले.

अत्ताहेरही बोलू लागला. त्यांच्याकडे वाटसरू आला की आधी बाजरी, खजूर आणि शेळीच्या दुधाचं वाळवलेलं चीज असं एकत्र कुटून पाण्यात कालवून देतात. माणूस आधी तो पितो, मग कोण, कुठला, ते विचारायचं. चहाचे तीन पेले होतात, आणि तिसऱ्याच्या आधी पाहुणा उठला तर घर नाराज होतं.

"पहले खिलाना, बाद में पूछना?" भय्याजींनी खात्री करून घेतली.

"हाँ अंकल."

"इधर उलटा है," भय्याजी म्हणाले. "पहले पूछते. फिर खाना है कि नहीं, तय करते."

वीसेक मिनिटांनी पोराने रेती सारून पोळी उलटवली, पुन्हा पुरली, आणि आणखी थोड्या वेळाने बाहेर काढून काठीने तिच्यावर टकटक केलं. कान जवळ नेला. फाउंड्रीत ओतीव लोखंडाला चीर गेली आहे का हे बघायला ते असेच हातोडीने ठोकून ऐकत. न सांगता ते पुढे झाले आणि त्यांनीही कान लावला. क्षणभर दोन डोकी त्या पोळीवर वाकली होती, एक टक्कल आणि एक पागोटं.

"झाली," भय्याजी म्हणाले.

"हो गया," अत्ताहेर त्याच वेळी म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या आम्रपालीने आईचा हात घट्ट दाबला. भय्याजींच्या मनातला 'पाहू' आता ओठांपर्यंत आलेला 'हो' झाला होता. एक घास, फक्त एक घास त्यांच्यासमोर पोराच्या पोटात जायचा राहिला होता.

नेमके तेव्हाच श्रीधरराव फाटक ढकलून आत आले. सकाळपासून ते आपल्या खिडकीत होते आणि आता त्यांना राहवलं नव्हतं. "धूर दिसला म्हणून आलो, भय्याजी. म्हटलं सिलेंडर-बिलेंडर तर नाही ना?"

"सिलेंडर नाही. पाहुणे हायत. बसा."

"आत्ताच जेवून आलो," श्रीधरराव बसता बसता म्हणाले. सव्वाबारा वाजले होते.

पोळीवरची रेती झटकली, पाण्याचा हात मारला, खरपूस कवच घासून स्वच्छ केलं. मग सगळ्यांनी मिळून तिचे बारीक तुकडे करून परातीत टाकले आणि चंपाबाईंनी वरून मटणाचा रस्सा ओतला. अंगणात असा वास सुटला की कुत्री भुंकायची थांबली. अत्ताहेरने पिशवीतून लांब दांड्याचे लाकडी चमचे काढले आणि एकेकाला दोन्ही हातांनी दिले. श्रीधररावांनाही दिला, आणि त्यांना तो नको म्हणायला सुचलं नाही. स्वतःसाठी एक घेतला आणि तो परातीपासून चार हात लांब, भिंतीकडे निम्मं तोंड करून बसला.

भय्याजींनी पहिला घास घेतला. कवच कडक, आतून मऊ, आणि रस्सा तुकड्यातुकड्यात मुरलेला. दाताखाली रेतीचा कण नाही. त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि चौथ्याला त्यांचा चमचा थांबला.

पोराचा चमचा कोरडा होता.

"खा ना बापा," भय्याजी म्हणाले. "खाओ."

अत्ताहेरने मान आणखी खाली घातली. कापड नाकावर ओढून घेतलं.

"खाओ, खाओ. शरमाना नहीं."

काहीच हललं नाही. भय्याजींच्या कानात फाउंड्रीचा जुना पंखा सुरू झाल्यासारखा आवाज येऊ लागला. त्यांनी चमचा परातीच्या कडेवर ठेवला. "आम्रपाली," ते म्हणाले. मोठ्याने नाही. मोठ्याने म्हणाले असते तर चंपाबाईंना बरं वाटलं असतं. "याचा आज कोणता वार हाय?"

"बाबा, ऐका तर. त्यांच्यात सासऱ्यासमोर जेवत नाहीत."

"काय?"

"सासू-सासऱ्यांसमोर तोंड उघडं करत नाहीत. खात नाहीत, पाणीही पीत नाहीत. जितका मान जास्त, उतना ही परदा. पाणी पण म्हणूनच नाही घेतलं."

"हे मले आत्ता कावून सांगून राहिली? मंगळवारी तोंड नव्हतं तुले?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हटलं असतं, झाला आणखी एक उपास सुरू." आम्रपाली पुढे आली. "मला वाटलं, एकदा त्याला भेटाल, हात पाहाल त्याचे..."

"हात पाह्यले मी. हात सोन्याचे हायत." भय्याजी उठून उभे राहिले. "बहाणाबी सोन्याचा हाय. शंकराचा उपास सोमवारी सुटते, मारुतीचा मंगळवारी. हा कधी सुटते? लग्नानंतर?"

आम्रपाली परातीकडे बघू लागली.

"बोल ना."

"नाही सुटत. सालों तक."

"म्हंजे माझ्या घरी येईन, माझी पोरगी नेईन, नातू दाखवाले आणन, अन् मरेपर्यंत माझ्यासमोर घोटभर पाणी पिणार नाही." भय्याजी हसले. ते हसू चंपाबाईंनी याआधी एकदाच पाहिलं होतं, तीन वर्षांपूर्वी, गार चहाच्या वेळी. "लई सोयीचा मान हाय. असा मान मले लई जणांनी देल्ला."

श्रीधरराव हातातल्या चमच्याकडे अतिशय लक्षपूर्वक बघू लागले.

अत्ताहेरला मराठी थोडी समजत होती, आणि राग तर सगळ्या भाषांत सारखाच समजतो. तो उभा राहिला. अजूनही नजर खालीच. "अंकल. आप बोलेगा तो मैं खाएगा."

"बोल रहा हूँ. खाओ."

"खाएगा. पर उधर आदमी जिसके सामने खाता है, वो दोस्त है, मेहमान है, रास्ते का आदमी है. ससुर नहीं है. मैं आपके सामने खाएगा, तो आप बस अंकल रहेगा. फिर मैं आम्रपाली को किस मुँह से माँगेगा?"

निखाऱ्यावर रस्श्याचा एक थेंब पडला होता, तो चुरचुरला. जेवेल त्यालाच मुलगी, हा भय्याजींचा नियम होता. जो जेवेल तो जावई नाही, हा पोराचा होता. दोन्ही नियम परातीच्या दोन बाजूंना उभे होते आणि मधे मटण गार होत होतं.

"मले ते काही समजत नाही," भय्याजी शेवटी म्हणाले. "खा, नाही तं फाटक तिकडं हाय."

"बाबा!"

"तू गप. तूच कबूल केलं होतं."

अत्ताहेर परातीजवळ आला, उकिडवा बसला, चमचा भरला. त्याचा दुसरा हात तोंडावरच्या कापडाकडे गेला. तापलेल्या रेतीत पोळी उलटवताना जी बोटं अडखळली नव्हती, ती आता कापडाची दुमड धरू शकत नव्हती. कापड थोडं सरकलं. नाकाचा शेंडा दिसला. डोळे त्याने गच्च मिटून घेतले होते. आम्रपालीने तोंड फिरवलं.

भय्याजींनी ते मिटलेले डोळे पाहिले आणि त्यांना आपला बाप दिसला. गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या घरासमोरून जाताना तो चपला काढून हातात घ्यायचा, आणि लहानगा भय्या सोबत असला की त्या वीस पावलांपुरते डोळे असेच मिटायचा. घरी आल्यावर त्या दिवशी पोराशी बोलायचा नाही.

"थांब," भय्याजी म्हणाले.

पोराने ऐकलं नाही, किंवा त्याला ऐकू गेलं नाही. कापड आणखी सरकलं.

"थांब म्हणलं ना! रुको! झाक ते, झाक लवकर!" भय्याजी ओरडले आणि स्वतःच भिंतीकडे तोंड फिरवून उभे राहिले. आंघोळीच्या वेळी चुकून मोरीचं दार उघडलं गेल्यावर माणूस फिरतो तसे.

पाठमोरे असतानाच त्यांना श्रीधरराव दिसले. श्रीधरराव भिंतीला टेकून बसले होते. हातात चमचा. चमचा कोरडा.

भय्याजींनी तो चमचा बराच वेळ पाहिला.

"श्रीधरभाऊ."

"हं?"

"तो पोट्टा माझ्यासमोर खात नाही, कारण तो मले सासरा मानते."

"हो, ऐकलं ना. मोठी रोचक प्रथा आहे."

"तुमी कावून खात नाही?"

श्रीधररावांच्या चेहऱ्यावर अकरा वर्षांचं तयार वाक्य आलं आणि ओठांपाशी अडलं.

"नाही, म्हणजे," भय्याजी अगदी मऊपणे म्हणाले, "तुमाले तं माझी पोरगी मागायची नाही ना?"

चंपाबाईंनी पदर तोंडात कोंबला. त्या हसत होत्या की रडत होत्या हे त्यांनाही सांगता आलं नसतं. श्रीधरराव उठले. म्हणाले, "मला बीपीची गोळी घ्यायची राहिली." आणि फाटक न लावता निघून गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ते 'येतो' म्हणाले नाहीत.

भय्याजींना वाटलं होतं की हे विचारून टाकल्यावर मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. उद्या सकाळी पेपर एकट्याने वाचावा लागेल, एवढंच डोक्यात आलं. ते तसेच भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आम्रपाली, सासूसमोरबी नाही जेवत का हा?"

"नाही, बाबा."

"मंग चाल, चंपा."

"कुठं?"

"बाहेर. गार झाल्यावर मजा नाही राहात त्यात."

"अन् पोरीले एकटी सोडून? दारात उभं राहून? लोक काय म्हणतीन?"

"लोक जेवते का आपल्याकडे?" भय्याजी म्हणाले आणि बायकोच्या कोपराला धरून, मागे न बघता, फाटकाबाहेर आले. फाटक त्यांनी ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभे राहिले.

चाळीस वर्षं त्यांना एकच गोष्ट डोळ्यांनी बघायची होती. कोणीतरी आपल्या घरचा घास तोंडात घालतोय, ही. आज ती गोष्ट त्यांच्या पाठीमागे दहा हातांवर घडत होती, किंवा घडत नव्हती. परात आत कुत्र्यांसाठी कोपऱ्यात रिकामी होत असली तरी त्यांना कळणार नव्हतं. ते कान देऊन उभे राहिले. चमच्याचा आवाज आल्यासारखा वाटला. मग वाटलं, नाही, ती काठी असेल. मान वळवायला किती लागतं? फाटकाच्या दोन पट्ट्यांमधून सहज दिसलं असतं.

"पाहू नका," चंपाबाई म्हणाल्या.

"मी कुठं पाहून राहिलो?"

"मान हालली तुमची."

"मानेत लचक हाय," भय्याजी म्हणाले आणि नजर समोर रोवली. कपाळावरून घाम उतरून भुवईत आला, तरी त्यांनी तो पुसला नाही. पुसायला हात वर नेला तर मान वळेल अशी त्यांना भीती होती.

समोर, गल्लीच्या पलीकडे, श्रीधरराव स्वतःच्या फाटकाशी उभे होते. आत गेलेच नव्हते. त्यांच्या हातात तो लांब दांड्याचा चमचा होता, चुकून आलेला. त्यांनी तो या हातातून त्या हातात घेतला. आत नेण्याची त्यांची तयारी दिसत नव्हती आणि परत आणण्याचीही. दोन्ही घरांच्या मधे बारा फुटांचा रस्ता होता आणि त्यावर एक टोमॅटोची हातगाडी हळूहळू गेली. गाडीवाल्याने दोन्हीकडच्या मंडळींना पाहिलं आणि आरोळी न देताच पुढे सरकला.

मग श्रीधरराव रस्ता ओलांडून आले.

"चमचा राहिला माझ्याकडे," ते म्हणाले.

"हो."

"भय्याजी, मी..." पुढचं वाक्य त्यांना सापडेना. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वास फार चांगला होता हो. काही उरलं असेल तर..."

भय्याजी ताठ झाले. "उरलंसुरलं या घरातून कोणाले देत नाही, श्रीधरभाऊ. ते काय असते ते आमाले माहीत हाय." मग थोडं थांबून, "पीठ हाय अजून. रेती गरम हाय. नवीन भाजून देतो. वीस-पंचवीस मिनिटं लागतीन. बसाव लागन."

"बसतो की." श्रीधररावांनी फाटकाकडे हात नेला.

"आत्ता आत नका जाऊ!" भय्याजी दोन्ही हात पसरून फाटकासमोर आडवे झाले. "आत जावई जेवून राहिला."

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि गल्लीत उभा राहिला. श्रीधररावांनी तो ऐकला, म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्खा कोहका ऐकणार होता. चंपाबाई नवऱ्याकडे टक लावून बघत राहिल्या.

"काय म्हणलं तुमी?"

"कुठं काय? जेवून राहिला म्हणलं."

"त्याच्या आधी."

भय्याजी समोरच्या विजेच्या खांबाकडे बघत होते, डोळे नेहमीपेक्षा थोडे जास्त उघडे ठेवून.

आतून आम्रपालीचा आवाज आला. "बाबा, तो विचारतोय, अजून थोडं घेऊ का?"

"विचारून काय राहिला?" भय्याजी पाठमोरेच ओरडले. "सांग त्याले, सगळं खा म्हणा!"